बाईचा ठसा

माझ्या सुनेच्या दिवाणखान्यात एक काचेचं कपाट आहे. त्यात शिंपले आहेत, पितळी घंटा आहे, कुठल्याशा डोंगरावरून उचलून आणलेला दगड आहे, नातवाच्या पहिल्या वाढदिवसाची अर्धी जळलेली मेणबत्तीसुद्धा आहे. कुणी आलं की ती एकेक वस्तू काढून दाखवते आणि दर वेळी म्हणते, "आठवण म्हणून ठेवलीय." मागे एकदा तिनं मला विचारलं, "आई, तुमच्या आईची काहीच वस्तू नाही का हो तुमच्याकडे?" मी म्हटलं, नाही. तिला वाईट वाटलं. खेड्यातली माणसं, काय राहणार, असं तिच्या तोंडावर दिसलं. माझ्या गळ्यात जे आहे ते तिला कुठल्यातरी देवीचं वाटतं, आणि मीही ते तसंच वाटू दिलं आहे.

खरं तर आईची वस्तू राहिली होती. चांगली चांदीची राहिली होती. तिनंच माझा घात केला.

आमचं गाव माल्याच्या पुढं, मुळशी धरणाच्या पाण्याला लागून. मूळ गाव पाण्याखाली गेलं तेव्हा आजोबांनी देव पाटीत घालून वरच्या अंगाला आणले. देवांबरोबर घरातली मेलेली माणसंही आली, म्हणजे त्यांचे टाक. टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवलेली बोटाएवढी मूर्ती. देवाचा टाक असतो तसा घरातल्या गेलेल्या माणसाचाही असतो. सणासुदीला त्यांना अंघोळ, हळदकुंकू, नैवेद्य. पाणी शेतात शिरलं तेव्हा जिवंत माणसांना कुणी विचारलं नाही, पण मेलेली मात्र पाटीत बसून मानानं वर आली, असं आमची आत्या म्हणायची. ती विधवा होऊन आमच्याकडेच राहिली होती आणि घरात तिचाच शब्द चाले.

एक टाक मात्र देव्हाऱ्यात ठेवून चालत नाही. पहिली बायको मरून नवऱ्यानं दुसरी केली, की त्या दुसरीला पहिलीचा टाक गळ्यात घालावा लागतो. मंगळसूत्राच्या आधी.

माझी आई बाळंतपणात गेली. बाळही गेलं. भाताची कापणी चालू होती, मी आठ वर्षांची असेन. आईची दोन लुगडी होती, एक तिच्याबरोबर गेलं, दुसरं आत्यानं सुईणीला दिलं. फोटो कुठला? फोटो काढायला पुण्याला जावं लागे, आणि त्या काळी आमच्यात बायकांचा फोटो काढावा असं कुणाच्या मनातही येत नसे. आत्यानं आईच्या पायातली जोडवी तेवढी काढून ठेवली होती. ती मी पळवली आणि मुठीत धरून बसले. झोपतानाही मूठ सोडली नाही. घरात दुसऱ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं तेव्हा आत्या मला म्हणाली, "दे ती जोडवी. सोनार त्याची तुजी आय घडवून देतोय."

घडवून देतो म्हटल्यावर मला ते खरंच वाटलं. पण जोडवी मी तरीही सोडेना, म्हणून दादा, म्हणजे माझे वडील, मलाच बरोबर घेऊन पौडला निघाले. एसटी होती, पण तिचा भरवसा नव्हता, त्यामुळे आम्ही चालतच गेलो. चालता चालता मी सोनाराला काय सांगायचं ते घोकत होते. हनुवटीवर गोंदलेले तीन ठिपके. डाव्या भुवईत विळ्याची खोक. पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला, हसताना ती वरचा ओठ त्याच्यावर ओढून घ्यायची. उजव्या कानाची पाळी फाटलेली. एवढं सांगितलं की सोनार बरोबर माझी आई काढणार, यात मला तिळमात्र शंका नव्हती.

सोनारानं जोडवी घेतली, हातावर वजन बघितलं आणि दादांना विचारलं, "बाप्या का बाई?"

"बाई," दादा म्हणाले. "सवाशीण गेली."

"देवात ठेवाया का गळ्यात घालाया?"

"गळ्यात."

"म्हंजी कडी बसवाया पायजे."

एवढंच. त्यानं फळीवरची पेटी उघडली आणि धुळीनं भरलेला एक पितळी ठसा काढून फडक्यानं पुसला. पेटीत बाप्याचा ठसा एक, बाईचा एक. जोडवी वितळली, ठोकून ठोकून त्यांचा पत्रा झाला, तो पत्रा ठशावर ठेवून सोनार वरून हलक्या हातानं हातोडी मारू लागला. मी घाईघाईनं सांगितलं, "माज्या आयचा कान फाटल्याला व्हता."

तो हसला. "असूं दे गं बाय. हितं समद्यास्नी दोन कान असत्यात."

दादाही हसले. ते दोघं हसले हे मी आजही विसरलेले नाही. हनुवटीचे ठिपके आणि दात मग मी सांगितलेच नाहीत.

दुपार कलताना टाक तयार झाला. वाटोळं तोंड, बटबटीत डोळे, कपाळभर कुंकू, नाकात नथ, दोन्ही हात सरळ खाली सोडलेले आणि डोक्यावर दोरा ओवायला एक कडी. माझ्या आईनं जन्मात नथ घातली नव्हती. हात असे मोकळे सोडून उभी राहिलेलीही मी तिला कधी पाहिली नव्हती. एका हातात कायम काहीतरी असायचंच, विळा, पाटी, नाहीतर मी. परत येताना दादांनी टाक माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "घे, झाली न्हवं तुजी आय?" ते प्रेमानंच म्हणाले असतील. मी तो घट्ट धरला. काहीच नसण्यापेक्षा ही तरी आहे असं वाटलं, आणि पौडपासून घरापर्यंत ती माझी होती. घरी पोचल्यावर आत्यानं काढून घेतली.

माघात दादांचं लग्न झालं. नव्या आईला मी मावशी म्हणायचं असं ठरलं. ती पोरसवदाच होती, लग्नाआधी म्हणे गावच्या पोरींबरोबर सागरगोटे खेळत होती. आत्यानं तिच्या गळ्यात टाक बांधला तेव्हा ती थरथर कापत होती. माझ्या आईला तिनं पाहिलेलंही नव्हतं. पण त्या दिवसापासून ती आईच्या परवानगीशिवाय घास गिळेना. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं. बांगड्या भरल्या की आधी टाकाला दाखवायच्या. ताट समोर आलं की मान खाली घालून पुटपुटायचं, "आदी तुमी घ्या, बाई." मी समोर बसून तिच्याकडे टक लावून बघत असे. माझी आई तिला घास मागते आणि मला मागत नाही, याचा मला इतका राग यायचा की जेवण जायचं नाही.

एकदा दुपारी मावशी ओसरीवर आडवी झाली होती. टाक गळ्यावरून घसरून एका बाजूला पडला होता. मी हळूच जवळ बसले आणि तो हातात घेतला. घामानं गरम झालेला होता. मला आईचा हात आठवला. मी तो गालाला लावायला म्हणून जरा ओढला, तर मावशीचा दोरा ताणला गेला आणि ती किंचाळत उठली. पहिलीनं आपला गळा धरला असंच तिला वाटलं. मग मला पाहून ती आणखीच घाबरली. शेजारच्या बायका गोळा झाल्या. आत्यानं मला दोन रट्टे दिले आणि विचारलं, "काय करत व्हतीस?"

"मला माजी आय पायजे. तो टाक मला द्या."

मावशी रडत रडत म्हणाली, "देऊन टाका वो वन्सं. घेऊ द्या तिला. मला नगं ही." तिनं दोरा डोक्यावरून काढायला हातसुद्धा घातला. ते बघून मला एकदम ती आवडली. एवढी एकच वेळ.

आत्यानं तिचा हात धरला. "येडी का खुळी? गळ्यातनं काढलास तर न्हील ती तुला. तिच्या मागं आमी तिची आटवण काडावी म्हून घालत्यात व्हय गं हे? तिनं आमची आटवण काडू नये म्हून घालत्यात."

मला ते वाक्य तेव्हा अर्धंच कळलं, पण अर्धंच पुरेसं होतं. मी समजत होते की घरातली माणसं आईला जपताहेत. ती आईला घाबरत होती. जिनं या घरात कुणाला मोठ्यानं हाकसुद्धा मारली नाही, जी सगळ्यांचं झाल्यावर तव्यावरचं खरवडून खायची, ती मेल्याबरोबर घरातली सगळ्यांत धोक्याची बाई झाली. घास आधी तिला, लुगडं आधी तिला. जिवंतपणी यातला एक घास दिला असता तर बाळंतपणात अंगात रक्त तरी राहिलं असतं. माझा संताप त्या वयातही एवढा स्वच्छ होता, आणि तो मला आजही चुकीचा वाटत नाही.

रात्री जेवताना दादांना सगळं कळलं. ते मला रागावले नाहीत. म्हणाले, "तुजं लगीन व्हईल तवा बघू."

त्या 'बघू'वर मी पुढची सगळी वर्षं काढली. दादांच्या तोंडून निघालेला शब्द. लग्न झालं की आई माझ्याबरोबर येणार. लावणीत चिखलात उभी असताना, माळावर शेळ्यांमागं हिंडताना, डोक्यावर हंडा घेऊन चढण चढताना मी त्याचाच विचार करायचे. आमच्या डोक्यावरून विजेच्या तारा मुंबईला जात होत्या आणि आमच्या घरात रॉकेलची चिमणी होती, त्या तारांखाली बसून मी आईच्या टाकासाठी काळ्या पोतीची माळ ओवून ठेवली होती. पोत मावशीनंच आणून दिली होती. कशासाठी ते तिनं विचारलं नाही.

या सगळ्यात एक गोष्ट कधी झाली ते मला कळलंच नाही. एकदा ओढ्यावर धुणं धुताना बरोबरीच्या पोरी आपापल्या आयांबद्दल बोलत होत्या. एकीनं मला विचारलं, "तुजी आय कशी व्हती गं दिसाया?" मी पौडच्या वाटेवर घोकलेलं सगळं घडाघडा सांगितलं. हनुवटीवर तीन ठिपके, भुवईत खोक, दातावर दात, फाटकी पाळी. मला शब्द पाठ होते, पण चेहरा दिसत नव्हता. तीन ठिपके म्हटले की ठिपके यायचे, पण ते टाकाच्या हनुवटीवर. दात म्हटला की टाकाचं मिटलेलं तोंड. डोळे मिटून कितीही जोर लावला तरी तीच बटबटीत डोळ्यांची, नथ घातलेली, हात खाली सोडलेली बाई समोर येऊन उभी राही. रोज सकाळ-संध्याकाळ मावशीच्या गळ्यावर मी तिलाच बघत आले होते. तिनं माझ्या आईला हुसकून लावलं होतं आणि आईच्या जागी ती बसली होती. धुणं तसंच टाकून मी पाण्यात तोंड घालून रडले. पोरींना वाटलं, आईची आठवण आली. मी तर आठवण येत नाही म्हणून रडत होते.

तरीही मला टाक हवाच होता. तो चेहरा खोटा असला तरी चांदी तिच्या पायातली होती. तेवढी तरी खरी होती.

मग माझं लग्न ठरलं. आईविना पोरीला जे स्थळ येतं तेच आलं. ताम्हिणीच्या अंगाला, पावसानं सदा ओलं असलेलं गाव, भाताची चार खाचरं, नवरा बिजवर, त्याची पहिली बायको तापानं गेलेली, एक लहान मुलगी. हे मला कुणी नीट सांगितलं नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी हळदीला बसले असताना दादा जवळ आले. ते आनंदात होते, पोरीचा भार उतरत होता. माझ्याकडे बघून ते हसले आणि म्हणाले, "लहानपणी टाक मागत व्हतीस न्हवं? आता मिळतोय बघ तुला."

माझा आनंद गगनात मावेना. दादांच्या ते लक्षात राहिलं! मी मान वळवून मावशीकडे पाहिलं. टाक तिच्या गळ्यात होता तसाच होता. ती माझ्याकडे बघेना. हळदीची वाटी हातात धरून ती जमिनीकडे बघत उभी होती, आणि तिच्या मान खाली घालण्यानं मला समजलं. बिजवर. मला मिळणार होता तो टाक दुसऱ्याच कुणाचा होता. दादांनी माझी थट्टा केली होती. वाईट मनानं नव्हे, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं. त्यांच्या दृष्टीनं टाक म्हणजे टाक.

काळ्या पोतीची माळ मी तिथंच देव्हाऱ्यात टाकून आले.

लग्न सासरी होतं. दारातच, मंगळसूत्राच्या आधी, सासूबाईंनी माझ्या गळ्यात टाकाचा दोरा बांधला. "आदी हिच्या पाया पड," त्या म्हणाल्या. मी टाक हातात घेऊन पाहिला. वाटोळं तोंड, बटबटीत डोळे, कपाळभर कुंकू, नथ, हात खाली सोडलेले, डोक्यावर कडी. माझी आईच! पौडचा तोच सोनार, तोच ठसा. क्षणभर मला खरंच वाटलं की आई माझ्यामागून चालत आली. मग दुसरा विचार आला, की तर मग मावशीच्या गळ्यात कोण आहे? आणि मुळशीत घरोघरी किती गळ्यांत हीच बाई लोंबते आहे, कुणाची सवत म्हणून, कुणाची आई म्हणून? मी हमसून हमसून रडले. बायका म्हणाल्या, पोरीचं माहेर सुटतंय, रडू द्या.

नवऱ्याची मुलगी पाच-सहा वर्षांची होती. पहिल्या दिवशी ती उंबऱ्यात उभी राहून माझ्याकडे नव्हे, माझ्या गळ्याकडे बघत होती. ती नजर मला ओळखायला वेळ लागला नाही. मी पदर ओढून घेतला. पण सासूबाई रोज सकाळी तिला हाताला धरून माझ्यासमोर आणत, माझा पदर बाजूला करत आणि म्हणत, "ही बग तुजी आय. पड पाया." मुलगी वाकून टाकाला हात लावी आणि तो हात आपल्या कपाळाला लावी. नव्या सुनेनं मध्ये बोलायचं नसतं. मी गोठ्याच्या झाडलोटीत, दळणात, पाण्यात दिवस ढकलत राहिले. मुलीला आधी माझी सवय होऊ दे, मग बोलू, असं मी मनाशी ठरवलं होतं. मला एकच गोष्ट करायची होती. हिच्या डोक्यातून हिची आई जाऊ द्यायची नव्हती. मला वेळेवर कुणी विचारलं नाही, मी हिला विचारणार होते, रोज विचारणार होते, ठिपका असेल तर ठिपका, खोक असेल तर खोक, तिच्याकडून वदवून घेऊन ते पक्कं करणार होते. त्यासाठी मला ती मेलेली सवत आवडायचीही गरज नव्हती.

पावसाळा असाच गेला. दसऱ्याच्या सुमारास सासूबाई माहेरी गेल्या तेव्हा मला मोकळीक मिळाली. मुलगी अंगणात माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती, मी तिच्या केसातल्या लिखा काढत होते. मी म्हटलं, "तुजी आय कशी दिसायची गं?"

ती उठून बसली. तिनं माझ्या गळ्याकडे बघितलं आणि बोट दाखवून म्हणाली, "ही काय."

"ही नगं. खरी. कपाळाला काय व्हतं तिच्या? हसली की कशी दिसायची?"

ती टाकाकडेच बघत राहिली. मी टाक चोळीत कोंबला, वरून पदर घेतला, तिचे दोन्ही हात हातात धरले आणि म्हटलं, "आता डोळं मिट. घट मिट. आन तुला दिसती तशी सांग."

तिनं डोळे मिटले. कपाळाला आठ्या पडल्या. मला वाटलं, आता येतेय, आता आली.

"तोंड वाटुळं हाय," ती म्हणाली. "मोटं डोळं. नाकात नथ. हात असं खाली." आणि मग, काही राहू नये म्हणून, आठवून आठवून, "आन डोक्यावर कडी हाय."